भरल्या पोटाची गोधडी

कलकत्त्याजवळच्या बराकपूरच्या क्वार्टरमध्ये सामान उतरलं तेव्हा आईनं आधी स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या अंगाला आहे ते पाहिलं, अण्णांनी नळाला पाणी कधी येतं ते शेजारी विचारलं, धाकटा विलास जिन्यावरून गच्चीत पळाला, आणि मी पुढचा ओटा पाहिला. लाल सिमेंटचा, गुळगुळीत, दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढा. मनात म्हटलं, इथं गोधडी अंथरता येईल. बाकी सगळं मला परकं होतं. पहाटे छावणीतला बिगुल, मग सियालदाकडं जाणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या, दुपारी शेजारच्या कढईतला मोहरीच्या तेलाचा नाकात जाणारा वास, संध्याकाळी घराघरातून एकामागून एक वाजणारे शंख. पहिल्यांदा शंख ऐकले तेव्हा आईला वाटलं कुणाच्या घरी पूजा आहे. दुसऱ्या दिवशीही वाजले तेव्हा म्हणाली, "यांच्याकडं रोजच सण दिसतोय."

गावी माझी चौथी झाली होती. इथं मराठी शाळा नव्हती. विलासला इंग्रजी शाळेत घातलं आणि मला जवळच्या बंगाली शाळेत बसवून पाहिलं. बाईंनी नाव विचारलं की माझ्या गळ्यात गोळा यायचा. बाकीच्या पोरी हसायच्या, मी आणखी गप्प व्हायची. काही दिवसांनी मी गेले नाही, तर कुणी 'जा' म्हणालं नाही. अण्णा म्हणाले, "चौथी झालीय, पत्र लिहिता येतं, मुलीच्या जातीला पुष्कळ झालं." विलासला मात्र दोन वर्षं तेच गणित जमत नव्हतं, तरी त्याला शिकवणी लावली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पण झाकूनही ठेवणार नाही. तो गोळा अजूनही गळ्यात येतो. बँकेत कुणी 'आपलं नाव?' विचारलं की येतो. पण माझे हात कधी लाजले नाहीत.

गावाहून येताना आईनं ज्वारीचं पीठ, काळा मसाला आणि जुन्या लुगड्यांचं एक बोचकं आणलं होतं. पिठाला अण्णांची ना नव्हती, बोचक्याला होती. ते आता हेडक्लार्क होते. छावणीच्या कँटीनमधून जाड कांबळी आणली होती, आणि हेडक्लार्कच्या घरात चिंध्यांच्या गोधड्या दिसू नयेत असं त्यांना वाटायचं. "पाहुणा आला तर काय म्हणेल?" पाहुणा कुणीच यायचा नाही. दुपारी ते ऑफिसात गेले की मी ओटा पुसून घ्यायची, खाली एक लुगडं ताणून पसरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायची, मधे जुनी धोतरं, विटक्या साड्या, वर पुन्हा चांगलं लुगडं. लांब लांब कच्च्या टाक्यांनी थर जागच्या जागी बसवायचे आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा. आमच्याकडं गोधडी कडेनं आत शिवत जातात. चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन, गोल गोल फिरत आपण आत येतो, आणि शेवटी मधे तळहाताएवढी जागा उरते. तिला पोट म्हणतात. ते पोट शिवून बंद करण्याआधी त्यात अन्नाचा घास ठेवायचा. माझी आजी ठेवायची, आई ठेवायची. पांघरणारा माणूस उपाशी झोपू नये, म्हणून आधी गोधडीचं पोट भरायचं.

पलीकडच्या क्वार्टरमध्ये मिनतीदी राहायची. ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या आणि तोंड सदा चालू. ती कपडे वाळत घालता घालता मला बघायची. एके दिवशी सरळ ओट्यावर येऊन बसली, गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "एटा तो काँथा!" काँथा म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, हे नंतर कळलं. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही. मग ती अर्ध्या बंगालीत, अर्ध्या हिंदीत बोलत राहिली. तिची आजी असंच काँथा शिवायची, पण ती मेली आणि मिनतीदीला काहीच आलं नाही. "हमको शिखाएगा?" मला बोलायचं काम नव्हतं. मी सुई ओवली, तिच्या हातात दिली, तिचं बोट धरून तीन टाके घातले. चौथा तिनं एकटीनं घातला आणि एवढ्या जोरात ओरडली की आई आतून लाटणं घेऊनच बाहेर आली.

शिकाऊ माणसाला सगळं नवं असतं असं नाही. मिनतीदीला आजीचं एकच आठवत होतं, की काँथा मधून सुरू होतो. आधी मधे कमळ, मग बाहेर बाहेर. मी कडेनं आत निघाले, ती मधून बाहेर निघाली. दोघी वाटेत भेटलो तेव्हा मधला कपडा बेडकासारखा फुगून बसला होता. मी बोटानं दाखवलं. ती म्हणाली, "ये तुम्हारा दोष." मी मान जोरात हलवली. ती हसायला लागली, मग मीही. तिचं कमळ आम्ही ठेवलं, पण माझ्या कडेच्या ओळी मधे पोचल्यावर तिनं ते शिवायचं असं ठरलं. तिनं मला एक गोष्ट शिकवली ती आजही करते. जुन्या साडीच्या काठातले रंगीत धागे ओढून काढायचे आणि त्यांनीच शिवायचं. लाल काठाची साडी विरली तरी तिचा लाल धागा वर्षानुवर्षं टिकतो.

मिनतीदीच्या मागून कमलाभौजी आली. भौजी म्हणजे वहिनी. ती बिहारमधल्या छपऱ्याकडची, नवरा छावणीत शिपाई. डोईवरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसायची आणि पदराखालून सगळ्यांची थट्टा करायची. मग आणखी दोघी. मिनतीदी वाडगाभर मुढी आणायची, कच्चं मोहरीचं तेल, हिरवी मिरची आणि कांदा घालून. आमच्याकडचे मुरमुरेच ते, पण त्या तेलानं डोळ्यांत पाणी यायचं. खायची वेळ झाली की काम गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचं, खायचं, हात धुवायचे आणि मग पुन्हा सुई. हा नियम माझा होता. मी तो तोंडानं सांगितला नव्हता. एकदा कुणीतरी तेलाच्या हातानं सुई उचलली, तेव्हा मी तिच्यासमोर नुसता पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला होता.

माझी सून परवा म्हणाली, "आई, तुम्ही मोबाईलवर शिकवा ना, हजार लोक बघतील." आता इथं कलकत्त्याच्या न्यू टाउनमध्ये आमच्या मजल्यावरच्या दोनतीन मुली शनिवारी माझ्याकडं बसतात. दिवसभर कॉम्प्युटरवर बोटं चालवणाऱ्या मुली, पण सुई धरली की बोटं लाकडासारखी होतात. मला त्यांचा हात हातात घ्यावा लागतो. हजारांचे हात मी कसे धरणार? मी सुनेला एवढंच म्हटलं, "नको गं." ती समजली मी लाजले.

अण्णांच्या साहेबांचं घर बालीगंजला होतं. मराठी साहेब, म्हणून अण्णांना त्यांचा फार अभिमान. साहेबांच्या सुनेला दिवस गेले तेव्हा अण्णाच म्हणाले, "आपल्याकडून बाळाला काहीतरी घरचं जायला पाहिजे." आई म्हणाली, "सिंधू दुपटं शिवेल." अण्णा म्हणाले, "चांगल्या कापडाचं शिव. चिंध्या दिसू देऊ नको." गोधडीला त्यांच्या तोंडून मिळालेला पहिला होकार तो. मी आईच्या मऊ झालेल्या धुवट लुगड्याची लहान गोधडी घातली. ओट्यावर सगळ्यांनी हात लावला, कारण लेकराचं काम म्हटल्यावर कोण मागं राहणार? मिनतीदीची एक ओळ आणि पोटाभोवती तिचं छोटं कमळ, कमलाभौजीची एक ओळ. कमलाभौजीची ओळ नदीसारखी वळत गेली होती.

आईनं ती उजेडात धरून पाहिली. "या दोन ओळी उसव. साहेबांच्या घरी जायचीय."

"नाही उसवणार."

"वाकड्या आहेत."

"वाकड्या आहेत, पण घट्ट आहेत."

आई माझ्याकडं बघत राहिली. मी घरात 'नाही' म्हणत नसे. तिनं गोधडी तशीच खाली ठेवली. होळी होती, पोळ्यांचा वास घरभर होता. लेकराच्या गोधडीत गोड घास घालतात, म्हणून आईनं पुरणपोळीचा नखाएवढा तुकडा तोडला, पोटात ठेवला आणि मला म्हणाली, "शिव." मी शिवून टाकलं. गावी आमच्याकडं हवा अशी कोरडी की पोळीचा तुकडा दोन दिवसांत पापडासारखा व्हायचा, चार धुण्यांत त्याची माती व्हायची, कुणाला कळायचंही नाही. बंगालची हवा ओली असते हे आम्हाला कपडे वाळत घालताना माहीत होतं. पोळी शिवताना ते आम्हा दोघींच्याही मनात आलं नाही. गोधडी नव्या टॉवेलात गुंडाळून, वर लाल फीत बांधून आईनं ट्रंकेत ठेवली. बाळ महिन्याभरानं झालं.

बारशाला साहेबांचं घर माणसांनी भरलं होतं. बालीगंजची ती उंच छताची खोली, पाळण्याला मोगऱ्याच्या माळा, कोपऱ्यात पितळी समई. कलकत्त्यातली इतकी मराठी माणसं एका ठिकाणी मी पहिल्यांदाच पाहत होते. तरी मी आईच्या पाठीमागेच उभी होते. साहेबांच्या बाईंनी फीत सोडली, गोधडी दोन्ही हातांनी वर धरली आणि म्हणाल्या, "अगं बाई, अगदी गावाकडची!" बायकांनी कौतुक केलं. अण्णांची मान एवढी ताठ झाली होती की मला त्यांच्या कॉलरची शिवण दिसली. गोधडी पाळण्यात घातली, बाळ वर ठेवलं, बायका पाळणा म्हणायला लागल्या. दुसरं कडवं संपायच्या आत बाळानं असा टाहो फोडला की गाणं थांबलं. त्याच्या मांडीवर लाल गाठ आली होती. बाईंनी गोधडी उचलून झटकली आणि फरशीवर मुंग्या पसरल्या.

"अहो, हे काय आणलंत तुम्ही!"

अण्णा घाईघाईनं म्हणाले, "बाईसाहेब, ते... मुलगी ओट्यावर बायका जमवते. बंगाली, बिहारी. शिवता शिवता मुरमुरे खात बसतात. सांडलं असणार त्यांनी काहीतरी."

"तरीच! कुणाकुणाचे हात लागलेत कोण जाणे, आणि ते आमच्या बाळाच्या अंगाखाली!" त्यांनी कामवालीला हाक मारली. "हे ने आणि मागच्या दाराशी टाक. पाय पुसायला होईल."

मी आईकडं पाहिलं. आईनं खाली पाहिलं. पोळीचा तुकडा तिनं स्वतःच्या बोटांनी ठेवला होता. मी वाट पाहिली. ती बोलेल असं मला खरंच वाटलं होतं. कामवाली गोधडी उचलून दारापर्यंत पोचली, तिचं एक टोक फरशीवर घासत चाललं होतं, आणि ते कमलाभौजीच्या ओळीचं टोक होतं. माझ्या गळ्यात तो गोळा आला, आणि त्या गोळ्यासकटच मी बोलले.

"मुरमुरे नाहीत."

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. आवाज माझा होता, पण मला तो भांडं पडल्यासारखा ऐकू आला. "आमच्या पोळीचा तुकडा आहे. पुरणाचा. आमच्याकडं लेकराच्या गोधडीच्या पोटात घालतात. त्या बायकांनी काही सांडलं नाही, त्या हात धुऊन शिवतात."

कुणीतरी हसलं. "गोधडीत पोळी?"

"सिंधू, गप्प बस," अण्णा दातांतून म्हणाले.

मी बाईंकडं गेले. "बाळाला मुंगी चावली, ते वाईट झालं. पण पाय पुसायला मी देणार नाही. माझी गोधडी परत द्या." आणि त्यांनी काही म्हणायच्या आत मी कामवालीच्या हातातून ती घेतली. ती बिचारी बंगालीच होती. तिला एक शब्द कळला नसेल, पण तिनं दोन्ही हात सोडले आणि बाजूला झाली.

जेवणाला आम्ही थांबलो नाही. श्रीखंडाची वाटी ताटात वाढलेली मला अजून दिसते. बालीगंजहून सियालदा, सियालदाहून बराकपूर, सगळी वाट मी खिडकीशी बसून गोधडीवरच्या मुंग्या एकेक बाहेर टाकत होते. विलास पेंगत होता. अण्णा टिटागढ गेल्यावर पहिल्यांदा बोलले. "माझी नोकरी त्या घरावर आहे." थोड्या वेळानं म्हणाले, "उद्यापासून माझ्या ओट्यावर एक बाई दिसता कामा नये. सुई-दोरा पुरे झाला." आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी माफी मागितली नाही. आजही मागत नाही. मुंगी चावल्याचं मला वाईट वाटलं आणि ते मी तिथंच सांगितलं. बाकी कशाचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मिनतीदी मुढीचा वाडगा घेऊन आली. मी तिला ओट्याच्या पायरीशीच थांबवलं. काय सांगायचं, कुठल्या भाषेत सांगायचं, मला सुचेना. समोर, नळाच्या पलीकडं, शिरीषाचं जुनं झाड होतं. त्याच्या सावलीत क्वार्टरमधल्या सायकली उभ्या असायच्या. मी सतरंजी उचलली, तिचा हात धरला आणि झाडाखाली गेले. ओटा अण्णांचा होता. झाड सरकारचं होतं. आणि अण्णा असे की सरकारच्या झाडाचं पान तोडणाऱ्या पोरालाही रागवायचे. ऑफिसची टाचणी त्यांनी कधी घरी आणली नाही.

तिथं मी मुंग्यांची सगळी गोष्ट सांगितली. निम्मी हातांनी सांगितली. मिनतीदी आधी "ए माँ!" म्हणाली, मग पोट धरून हसली, आणि आपल्यावर काय आळ आला होता ते कळलं तेव्हा तिनं वाडगा बाजूला सारला. मग तिनं शिवणाची कात्री घेतली, कमळाच्या मधला धागा आपल्या हातानं कापला आणि गोधडीचं पोट उघडलं. आतल्या काळ्या पडलेल्या तुकड्याकडं आम्ही सगळ्या डोकी जोडून पाहिलं. कमलाभौजी म्हणाली, "हाय राम, इतनी सी मिठाई और इतना बड़ा झगड़ा!" नळावर गोधडी धुतली, उन्हात टाकली. पोट उघडंच ठेवलं.

संध्याकाळी अण्णांची सायकल आली. आम्ही बसलेल्याच होतो. मी मुद्दाम उठले नाही.

"हे काय चाललंय?"

"तुमच्या ओट्यावर कुणी नाही, अण्णा."

"मग इथं बसायला कुणी सांगितलं?"

मी सुई ओवत राहिले. दोरा आत जाईना. कमलाभौजीनं पदर आणखी खाली ओढला आणि पदरातून अदबीनं म्हणाली, "बाबूजी, पेड़ तो सरकारी है ना?"

अण्णांनी झाडाकडं पाहिलं. खरंच पाहिलं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, जणू त्यावर कुठं हुकूम लिहिलेला असेल. मग ते घरात गेले. त्या रात्री ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि पुढंही पुष्कळ दिवस बोलले नाहीत. साहेबांनी त्यांना नोकरीत काही केलं नाही. साहेबांच्या बहुतेक ते लक्षातही राहिलं नसेल. पण अण्णांनी मला माफ केलं असं म्हणता येणार नाही. ते शेवटपर्यंत कँटीनचं कांबळंच पांघरत आले. मी त्यांच्यावर गोधडी घालायला कधी गेले नाही.

आम्ही मात्र रोज झाडाखाली बसलो. आई खिडकीतून बघायची. मी वर पाहिलं की ती भांडी लावायला वळायची. मला तिचा राग होता, आणि तो मी लपवला नाही. मी तिच्याशी तांदूळ-मिठापुरतंच बोलत होते.

लहान गोधडी वाळून, पुन्हा ताणून तयार झाली. मिनतीदीला तेव्हा दिवस गेले होते, आणि गोधडी तिच्याकडं जाणार हे कुणी न सांगता ठरलं होतं. फक्त पोट बंद करायचं राहिलं होतं. ते रिकामं शिवायला माझा हात होईना, आणि त्यात काय घालायचं तेही कळेना. त्या दिवशी मी तशीच बसून राहिले होते, तर आई आली. चप्पल न घालता, नळापाशीच्या चिखलातून. तिची एक मूठ बंद होती. ती माझ्याशेजारी सतरंजीवर बसली, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि मूठ उघडली. कोरडे तांदूळ होते.

"पोळी नको इथं," ती म्हणाली. "हवा ओली आहे."

एवढंच. त्याहून जास्त ती त्याबद्दल कधीच बोलली नाही. तिनं तांदूळ पोटात ठेवले, सुई माझ्या हातातून घेतली आणि मधलं कमळ बंद करायला लागली. शिवता शिवता तिचं बोट कमलाभौजीच्या वळत गेलेल्या ओळीवर आलं. मी तिच्याकडं बघत होते. तिनं ती ओळ बोटानं शेवटापर्यंत चाचपली, कुठं सैल आहे का ते पाहिलं, आणि पुढं गेली. मिनतीदीनं तिच्यापुढं मुढीचा वाडगा सरकवला. आई म्हणाली, "आधी हात धुऊन येते."

ती नळावरून परत येत होती तेव्हाच अण्णांची सायकल आली. त्यांनी बायकोला झाडाखाली पाहिलं. एक पाय जमिनीवर टेकून ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता आई उठून घरात जाणार. ती सतरंजीवर बसली आणि मोहरीच्या तेलातल्या मुढीची एक चिमूट तोंडात टाकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चहा?" अण्णांनी विचारलं.

"ठेवलाय," आई म्हणाली. "गाळून घ्या."

अण्णांनी जन्मात चहा गाळला नव्हता. थोड्या वेळानं आतून गाळणं पडल्याचा आवाज आला, मग कपबशीचा, मग बराच वेळ कसलाच नाही. मी आईकडं पाहिलं. तिनं पदरानं डोळे पुसले, हात पुन्हा धुतले, सुई उचलली. मला वाटतं, तिला उठावंसं वाटलं असणार. पण ओळ अर्ध्यात होती, आणि ओळ पुरी करूनच आम्ही उठलो.